वीस फेरे

साठच्या पुढे गेली की म्हणते, त्सिरा म्हणाली,
आणि ओठ मिटून तो आवाज काढून दाखवला.
घूंऽऽ. थोडा नाकातला,
म्हाताऱ्यानं जेवता जेवता तक्रार करावी तसा.
अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गप्प.
दाबला की पुन्हा तोच मुद्दा.

मेस्तियात गॅरेजं तीन. ती माझ्याकडे आली,
कारण निवा विसोची, आणि विसो माझा दोस्त;
सध्या पोलंडात कुणाच्या तरी न्हाणीघरांत फरश्या बसवतो.

आधी मी टायरवर आळ घेतला.
टायर गरीब, त्यांच्यावर कुणीही घ्यावा.
पुढचे मागे केले, मागचे पुढे. घूं जागच्या जागी.
हबचं बेअरिंग असतं तर वळणावर सूर बदलला असता.
मग ती चालवत होती आणि मी पायाशी दुमडून
तळाच्या पत्र्याला कान लावून होतो.
पूल गेला, शाळा गेली, कुणाची तरी गाय गेली,
मला नुसते खड्डे कळत होते
आणि डावीकडून, इंजिनाखालून,
तो हट्टी, एकसुरी जीव.

गाडी जॅकवर. लांब स्क्रूड्रायव्हर,
टोक पुढच्या डिफरन्शियलवर, मूठ कानामागच्या हाडाला.
(माझा बाप असाच झाडांना कान लावायचा,
आत मधमाश्या आहेत का बघायला.)
तेल काढलं. करड्या दुधासारखं आलं,
आणि बोळ्याच्या चुंबकाला
लोखंडाच्या कीसाची मिशी.

तरी खात्री हवी. पुढचा शाफ्ट उतरवला,
मधला लॉक ओढला, निव्वळ मागच्या चाकांवर
गाडी नेली थेट फाट्यापर्यंत.
ऐंशी. नव्वद.
इतकी शांतता, की डॅशबोर्डमधला
विसोचा एक सुटा स्क्रू ऐकू आला.

लॉक ओढला होतास का कधी? मी सहज विचारलं.
जानेवारीत, ती म्हणाली. उश्गुलीच्या चढावर.
मागच्या सीटवर एतेरी, कळा सुरू झालेल्या.
बर्फ संपलं तरी काढायचं सुचलं नाही.
विसो नेहमी सांगायचा, लॉक ओढू नकोस.
का, ते नाही सांगायचा.

तेव्हा मी खडू घेतला.
एक चाक जमिनीवर, एक उचललेलं,
उचललेल्यावर खूण, फ्लँजवर खूण.
वीस फेरे हातानं. त्सिरा मोजत होती,
मोठ्यानं, शाळेतल्या पोरांकडून म्हणून घ्यावे तसे.
पुढे वीस फेऱ्यांना एकेचाळीस.
मागे वीस फेऱ्यांना एकोणचाळीस.

पुन्हा मोजलं. तेच.

दोनाचा फरक. लॉक उघडा असेल तर
मधला डिफरन्शियल तेवढं पोटात घालतो.
लॉक लागला, रस्ता कोरडा असला,
की पुढचा न् मागचा एकमेकांची मनगटं पिरगाळतात,
आणि पिनियनचं बेअरिंग बिचारं मधे.

चार हिवाळ्यांपूर्वीची रात्र मला आठवली.
टॉर्च तोंडात धरून, उलटलेल्या एका निवाखालून
हा डिफरन्शियल मीच सोडवला होता.
थंडीनं बोटं बधिर. दात मोजले नाहीत.
निवाचा तो निवाचा, म्हटलं, बसव बिनधास्त.

त्सिराला सांगायला मला
एक सिगारेट आणि दोनदा हात पुसणं लागलं.
चूक माझी, म्हटलं. मी दिला तो, न मोजता.

माहीत आहे, ती म्हणाली.
विसोनं पहिल्याच आठवड्यात मोजले होते.
मला म्हणाला, मुर्मानला बोलू नकोस,
त्यानं पैसे घेतले नव्हते.

जॅकवर चाक अजून हळूहळू फिरत होतं,
खडूची खूण वर यायची, खाली जायची.
मी झुग्दिदीला फोन लावला, भंगारवाल्या वाखोला.
एकोणचाळीसचा आहे का, विचारलं.
आहे म्हणाला.
म्हटलं, मोज. फोन चालू ठेव, आणि मोज.